पठारावरच्या शेतात सगळेच पक्षी मातकट, आणि जवळ गेलं की भुर्रर्र. ओळखायचे कसे?

मातीमोल
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय. तळ्यावर आणि झाडीत फिरून थोडेफार पक्षी ओळखता यायला लागले होते, म्हणजे निदान मला तसं वाटत तरी होतं. आता कामामुळे उंचावरच्या भागात राहायला आलोय, चारी बाजूंना शेतं, मधेमधे पडीक गवत, दगडी बांध, एखाददुसरं खुरटं झुडूप आणि वारा. आणि इथं येऊन मी परत पहिलीच्या वर्गात बसलोय.

प्रॉब्लेम असा की जे दिसतं ते मातीच्या रंगाचं असतं, चिमणीएवढं असतं, अंगावर रेघा असतात आणि मी साठ-सत्तर पावलांवर आलो की ते उठतं आणि दोन शेतं पलीकडे जाऊन बसतं. मी तिकडे गेलो की परत तेच. गेल्या रविवारी सकाळभर असा शिवणापाणी खेळून घरी आलो, वहीत नोंद काय तर "तपकिरी, छोटा, उडाला". कॅमेऱ्यात १४० फोटो, त्यातले शंभरेक मागच्या बाजूचे आणि उरलेले नुसत्या ढेकळांचे. आवाजावरून पक्षी ओळखणारं मर्लिन अॅप लावलं तर त्यानं एका मिनिटात पाच नावं दाखवली, त्यातली दोन दाट झाडीतल्या पक्ष्यांची, इथं तर झाडच नाही!

माझी दुर्बीण ८×४२ (८ पट, पुढचं भिंग ४२ मिमी) आहे. १०×५० घेऊ का, की त्यापेक्षा लांब पल्ल्याची लेन्स घेऊ? आणि अजून एक, परवा संध्याकाळी लांब शेपटीचा एक शिकारी पक्षी पिकाला पोट घासेल इतका खालून गेला, तपकिरी होता, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा स्पष्ट दिसला. घार नक्की नव्हती. काय असेल?

बांधावर_बसलेला
मातीमोल दादा, काही घेऊ नका. आधी चालणं बंद करा.

मस्करी नाही करत. जंगलात आपण चालतो कारण तिथं पुढच्या वळणावर काय आहे ते आपल्यालाही दिसत नाही आणि पक्ष्यालाही आपण दिसत नाही. उघड्या रानात उलटं असतं, तुम्ही टेकाडावर उगवलात की अर्ध्या किलोमीटरच्या आतल्या प्रत्येक डोळ्याला कळतं की एक उभा प्राणी आलाय आणि सरळ आपल्याकडेच चाललाय. तुम्ही पक्षी बघायला सुरुवात करायच्या आधी त्यांचं तुम्हाला बघून झालेलं असतं.

तर करायचं असं. उजाडायच्या जरा आधी जाऊन बसायचं, सूर्य पाठीशी राहील अशी जागा धरायची, नाहीतर सगळे पक्षी काळे दिसतात आणि मग रंगावरून भांडणं. बांधाला पाठ टेकून बसायचं, बांधावर चढून नाही (माझ्या नावावर जाऊ नका, मी खालीच बसतो), कारण आकाशाच्या पार्श्वभूमीवर माणसाचं डोकं फार लांबून उठून दिसतं. आणि मग निदान पाऊण तास हलायचं नाही. पहिली वीस मिनिटं काहीच होत नाही, तेव्हाच लोक कंटाळून उठतात. त्यानंतर जे पक्षी तुमच्यामुळे दबून बसलेले असतात ते परत आपापल्या कामाला लागतात. दबून म्हणजे अक्षरशः, चंडोल धोका दिसला की पोट जमिनीला लावून गप्प बसतो आणि दहा फुटांवर असला तरी ढेकूळ वाटतो. तुमच्या त्या ढेकळांच्या फोटोंत एखाददुसरा चंडोल निघाला तर मला नवल वाटणार नाही, झूम करून बघा.

आता मातकट पक्ष्यांबद्दल. रंग सोडून द्या. रंग बघायचा तो शेवटी. आधी "हा करतोय काय" ते बघा.

जमिनीवर वाकून, लपतछपत, थांबत थांबत चालतोय, चोच जरा जाड, डोक्यावरची पिसं मधेच तुऱ्यासारखी उभी राहतायत, तर चंडोल समजून पुढे जा. अंगानं सडपातळ, उभा राहण्याची ढब ताठ, चोच बारीक आणि चालता चालता शेपटी खालीवर हलतेय, तर तिरचिमणी. तिरचिमणी आणि धोबी एकाच कुळातले, ते शेपटीचं खूळ तिथूनच. शेपटीच्या पांढऱ्या कडांवर मात्र विसंबू नका, दोघांतही असू शकतात, मी त्यात वर्षभर फसलोय.

जमिनीवर न बसता वाळक्या काडीच्या अगदी टोकावर बसलाय, खाली उडी मारून किडा उचलतो आणि परत त्याच काडीवर, तर गप्पीदास बघा. दोन गोटे एकमेकांवर आपटल्यासारखा आवाज काढतो. दगडावर ताठ उभा, दोन पावलं पळतो, थांबतो, आणि उडाला की मागून पांढरं चमकतं, तर रणगोज्याच्या जातीतलं काहीतरी. तेव्हा शेपटीवर काळा रंग कुठे आणि किती आहे तेवढंच बघायचं, बाकी सगळं सोडा, कारण त्यांच्यात जात शेपटीवरच ठरते. म्हणजे तुमचे मागच्या बाजूचे शंभर फोटो अगदीच वाया नाहीत 😀

आणि काटेरी झुडपाच्या शेंड्यावर डोळ्याला काळी पट्टी बांधलेला, आकड्यासारख्या वाकड्या चोचीचा, मालक असल्यासारखा बसलेला दिसला तर तो खाटीक. त्या झुडपाच्या काट्यांवर नाकतोडा किंवा सरडा टोचून ठेवलेला सापडतो का बघा. नावाला जागतो तो.

चंडोलाचं खरं रूप बघायचं तर वर बघा. विणीच्या हंगामात नर गात गात सरळ वर चढतो, इतका वर की ठिपका होतो, आणि दोन-तीन मिनिटं न थांबता गातो. माझा एक मित्र पक्षीबिक्षी काही बघत नाही, त्याला एकदा नेलं होतं, तो म्हणाला कुठेतरी लांब रेडिओ लागलाय. वर बोट दाखवलं तर त्याला पटेचना.

टुकार_लेन्स
वरच्या काकांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त फोटोचं बोलतो. लेन्स घेतली म्हणून मागच्या बाजूचे फोटो थांबत नाहीत, ते जास्त शार्प येतात एवढंच. अनुभवाचे बोल आहेत.

भोवत्याच्या_मागे
तुमचा संध्याकाळचा पक्षी भोवत्या आहे (हॅरियर). पिकाला घासून जाणं आणि पंख उथळ V सारखे वर धरून डुलत डुलत तरंगणं, हे बघितलं की बाकी काही बघायची गरजच राहत नाही. पांढरा पट्टा असलेली तपकिरी म्हणजे मादी किंवा यंदाचं पिल्लू, इंग्रजीत त्यांना सरसकट रिंगटेल म्हणतात.

भोवत्याचा चेहरा नीट बघायला मिळाला तर सोडू नका, घुबडासारखी गोल चकती असते. ती शोभेला नसते, गवतातल्या उंदराची खुसफूस त्या चकतीमुळे कानात गोळा होते. म्हणून तो इतक्या खालून आणि इतक्या सावकाश उडतो, तो बघतोय त्याच्याइतकंच ऐकतोय.

आता कुठला भोवत्या हे विचाराल तर माँटेग्यूचा आणि पांढुरका (पॅलिड) यांच्या माद्यांनी भल्याभल्यांना रडवलंय. नर सोपे, माँटेग्यूच्या नराच्या पंखावर वरून एक काळी पट्टी आडवी जाते, पांढुरक्याला ती नसते आणि त्याच्या पंखाच्या टोकाशी फक्त काळी पाचर असते, लांबून अगदी भुतासारखा फिकट दिसतो. मादीत मानेभोवती फिकट कॉलर ठळक असेल तर पांढुरक्याकडे झुकायचं. तरी मी अर्ध्या वेळा नुसतं "रिंगटेल" लिहून मोकळा होतो आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. चुकीचं नाव लिहिण्यापेक्षा बरं.

तुम्ही संध्याकाळी बघितला म्हणताय तर परत त्याच जागी सूर्य मावळायच्या तासभर आधी जाऊन बसा. हिवाळ्यात भोवते झाडावर नाही, उंच गवतात जमिनीवर झोपतात, आणि एकेकटे नाही, कळपानं. एका मागून एक येतात, गवतावर चकरा मारतात, बसतात, परत उठतात, जागा बदलतात, एस्टीत खिडकीसाठी चालतं तसं. अंधार पडला की एकदम शांत. असा रातथारा सापडला तर पायवाटेवरूनच बघा, गवतात शिरू नका. एकदा उठवले तर अंधारात दुसरी जागा शोधायला लागते त्यांना, आणि कोल्हेकुत्रे काय सुट्टीवर नसतात. आणि ती जागा इथं टाकू नका, लोकेशन विचारणाऱ्यांना तर अजिबात देऊ नका.

निवांत७
एवढं बसून राहायला वेळ कुणाला आहे हो. मी फोनवर लावा पक्ष्याचा आवाज वाजवतो, तो दोन मिनिटांत झुडपाबाहेर येतो. नाहीतर लावा बघायला जन्म जातो, पिकातून नुसता ओरडत राहतो.

भोवत्याच्या_मागे
@निवांत७ तो बाहेर येतो कारण त्याला वाटतं त्याच्या जागेत दुसरा नर घुसलाय. हातातलं काम टाकून तो भांडायला येतो आणि तिथं कुणीच नसतं. विणीच्या दिवसांत मादीला सोडून तो तुमच्या फोनशी भांडत बसतो. तुम्ही एकदा वाजवलंत, मागून आलेल्या चौघांनी चारदा वाजवलं तर?

निवांत७
एवढं मनाला लावून घेऊ नका राव, मी काय रोज वाजवतो का.

बांधावर_बसलेला
निवांतराव, लाव्याचा आवाज ऐकला तरी नोंद होते की. "ऐकला, दिसला नाही" असं लिहायचं. लावा हा ऐकायचाच पक्षी आहे, माझ्या वहीत लाव्याच्या तीसेक नोंदी असतील आणि त्यात प्रत्यक्ष दिसलेले तीन, तेही पायाखालून फर्रर्र करून उठले म्हणून, आणि तिन्ही वेळा मीच जास्त दचकलो.

काचकाम
दुर्बिणीचा मुद्दा मागे राहिला म्हणून लिहितोय. मातीमोल, तुमच्याकडे आहे तीच ठेवा. १० पट म्हणजे हाताची थरथरही १० पट, आणि उघड्या माथ्यावर वाऱ्यात उभं राहून १० पटीची दुर्बीण स्थिर धरणं म्हणजे चालत्या बसमधे दाढी करणं. शिवाय ८ पटीत एका वेळी दिसणारं क्षेत्र मोठं असतं, उघड्या रानात नुसतं "तिकडे, त्या ढेकळाच्या डावीकडे" एवढ्यावर पक्षी शोधायचा असतो (सगळी ढेकळं सारखीच असतात!), तिथं हा फायदा फार मोठा. उजेडाचंही अडत नाही, ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच मिलिमीटरचं प्रकाशाचं वर्तुळ डोळ्यात येतं, पहाटेसाठी ते पुरतं. कोपरं गुडघ्यांवर टेकवून बसा, तेवढ्यानं जो फरक पडतो तो नव्या दुर्बिणीनंही पडणार नाही. चष्मा असेल तर डोळ्याजवळचे रबरी कप खाली फिरवा किंवा दुमडा. कितीतरी लोक वर्षानुवर्षं कप वर ठेवून चष्म्यातून बघतात आणि म्हणतात दुर्बिणीत कडा काळ्या दिसतात.

अजून एक गोष्ट कुणी सांगत नाही. ऊन चढलं की जमिनीवरची हवा थरथरायला लागते, मग कितीही भारी काच असली तरी दोनशे मीटरवरचा पक्षी पाण्यात बुडालेला दिसतो, आणि जितकी जास्त पट तितकी थरथर जास्त. तेव्हा लांबचं बघणं थांबवायचं आणि मान वर करायची, कारण त्याच तापलेल्या हवेचे भोवरे धरून गरुड, गिधाडं वर चढत असतात. मोठे शिकारी पक्षी पहाटे दिसत नाहीत म्हणून निराश होणारे लोक नेमके ९-१० वाजता घरी निघतात.

अॅपचं म्हणाल तर वाऱ्यात मर्लिन गोंधळतं, माइकला हातानं किंवा टोपीनं आडोसा करा. पण त्याहून मोठी भानगड वेगळीच आहे. खाटीक नक्कल करतो, काही चंडोलही करतात. एका काटेरी झुडपावर बसून खाटीक चार-पाच वेगवेगळ्या पक्ष्यांचे आवाज काढत असतो आणि अॅप बिचारं प्रत्येकाचं नाव दाखवतं. तुमच्या यादीतले ते झाडीतले पक्षी तसेच आले असणार अशी मला शंका आहे. अॅपनं नाव दिलं तर ते पोलिसाला मिळालेली टीप समजा, पुरावा नव्हे. पक्षी बघितला तरच लिहा.

रानातली
मी पक्षीतज्ज्ञ वगैरे नाही, आमची शेती अशाच उंचावर आहे आणि वर कुणीच शेताचं बोललं नाही म्हणून लिहितेय. तुम्ही लोक पक्षी बघता, पण पक्षी कुठे आहे हे नांगर ठरवतो.

नांगरट चालू असते त्या दिवशी या. औताच्या नाहीतर ट्रॅक्टरच्या मागे ओल्या मातीतून हुमणी, गांडुळं वर येतात, त्यावर गायबगळे, धोबी, साळुंक्या, कावळे इतके जवळ येतात की पायाखाली येतील असं वाटतं. तिथं कुणी माणसाला भीत नाही, कारण तिथला माणूस त्यांच्याकडे बघत नसतो. तुम्ही दुर्बीण लावून टक लावता ना, ते त्यांना खटकतं. नजर जरा दुसरीकडे ठेवून तिरके तिरके चालत या, सरळ अंगावर येऊ नका, आमच्या मांजराला हे कळतं.

कापणी झाली की धसकटांत सांडलेला दाणा असतो, तेव्हा भारिट, मुनिया, चिमण्या यांचे थवे येतात आणि थव्यांच्या मागे ससाणा येतो. थवा एकदम गोळा होऊन उठला आणि वळला तर थव्याकडे बघू नका, वर बघा. पडीक ठेवलेल्या तुकड्यात तर वर्षभर काही ना काही असतंच. पिकानं गच्च भरलेलं हिरवंगार शेत तुम्हाला फोटोत छान दिसतं पण तिथं सगळ्यात कमी पक्षी असतात, कारण खाली उतरायला जागाच नसते.

आणि टिटवी. मोकळ्या जमिनीवर नुसत्या खळग्यात चार अंडी घालते, टोकं आत करून ठेवलेली, रंग असा की हातभरावर असून दिसत नाहीत. टिटवी डोक्यावर येऊन केकाटायला लागली, किंवा समोर पंख मोडल्याचं सोंग करून फरफटत जायला लागली, तर फोटो काढत पुढे जाऊ नका, आल्या वाटेनं पाय बघत मागे फिरा. अंडी तुमच्या आजूबाजूला आहेत. आम्ही नांगरताना दिसलं घरटं तर तेवढा तुकडा सोडतो, त्यानं काही उपाशी मरत नाही कुणी. पण बघायला आलेल्या माणसानं त्यावर पाय दिलेला मी डोळ्यांनी बघितलाय, आणि वर मलाच विचारत होता की इथं दुर्मिळ काय मिळेल.

शेतात यायच्या आधी विचारा. पिकातून चालू नका. फाटक जसं असेल तसं ठेवा, उघडं तर उघडं, बंद तर बंद. एवढं केलंत तर काय दिसतंय, कधी दिसतंय ते आम्हीच सांगू तुम्हाला.

बांधावर_बसलेला
रानातली ताई, सगळ्यात कामाचा प्रतिसाद तुमचा. तो घरट्याभोवती तुकडा सोडण्याचा मुद्दा बाहेरही आहे बरं का. ब्रिटनमधे गहू शरद ऋतूतच पेरायला लागल्यावर वसंतापर्यंत पीक इतकं उंच आणि दाट व्हायला लागलं की चंडोलाला उतरायला जागा राहिना, मग तिथं पेरताना मधेच छोटे चौकोन बिनपेरणीचे सोडायचे असा उपाय निघाला, एकरी एखादा. आणि स्पेन, फ्रान्समधे माँटेग्यूचे भोवते गव्हाच्या शेतातच घरटं करतात, पिल्लं उडायच्या आधी कापणीचं यंत्र येतं, म्हणून स्वयंसेवक घरटी शोधतात आणि शेतकऱ्याशी बोलून घरट्याभोवती जाळीचं कुंपण घालतात किंवा तेवढं पीक उभं ठेवतात. ते शेतकरी नाही म्हणाले असते तर पुढचं काही झालंच नसतं.

मातीमोल
मंडळी, १२ दिवसांनी परत आलोय. दोनदा बसलो.

पहिल्यांदा पंचवीस मिनिटांत पाय बधिर झाले आणि उठलो, आणि उठल्या उठल्या चार हातांवरून चंडोल उडाला. म्हणजे तो पंचवीस मिनिटं तिथंच होता आणि आम्ही दोघं एकमेकांशेजारी गप्प बसलो होतो. फार वाईट वाटलं.

दुसऱ्यांदा शेतवाल्या मावशींना विचारून गेलो, त्यांनीच सांगितलं की वरच्या पडकात बस, खालच्या पिकात काही नाही. थंडी बेकार होती, खालून निघताना जॅकेट नको वाटलं होतं, वर बोटं वाकेनात. (कुणी जाणार असेल तर हातमोजे न्या, आणि नंतर ऊन भाजतं ते वेगळंच, माझं नाक सोललंय.) पण पस्तीसाव्या मिनिटाला जणू शाळा सुटली. गप्पीदासाची जोडी, काडीवरून खाली, परत काडीवर, अगदी काकांनी लिहिलंय तसं, मी त्यांच्याकडेच वीस मिनिटं बघत बसलो आणि दुसरं कायकाय निसटलं असेल ते देव जाणे. तिरचिमणी, शेपटी हलवणारी, नक्की. कुठली ते विचारू नका. खाटीक होता आणि काट्यावर नाकतोडा होता!! त्याचा फोटो काढला, नाकतोडा हलत नसल्यामुळे तो एकदम छान आला आहे.

खरुचीही (केस्ट्रेल, छोटा शिकारी पक्षी) मिळाली. वाऱ्याकडे तोंड करून हवेत एका जागी थांबलेली, पंख फडफडतायत, शेपटी पसरलेली, आणि डोकं मात्र खिळा मारल्यासारखं स्थिर. मी तिचं डोकं आणि मागच्या टेकडीवरचा एक दगड एका रेषेत धरून बघितलं, खरंच हलत नव्हतं.

कॅमेऱ्यातली ती जुनी ढेकळं झूम करून बघितली. एका फोटोत डोळा आहे.

भोवत्यांसाठी संध्याकाळी जायचंय अजून. तोपर्यंत एक शंका, बांधावर एक पक्षी होता, साळुंकीपेक्षा लहान, पाठ राखाडी, उडाला तेव्हा मागून पांढरा आणि शेपटीचं टोक काळं, दगडावरून दगडावर. रणगोजाच ना? काळा भाग नेमका किती ते बघायचं होतं, पण ते तो उडून गेल्यावर आठवलं.

टुकार_लेन्स
मागच्या बाजूचा फोटो आहे का 😀

मातीमोल
आहे. नऊ आहेत. टाकतो रात्री.